विक्रेत्याच्या जागी यंत्र : उत्तरदायित्व कोणाचे?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८२ नुसार अभिकर्ता, म्हणजे एजंट, ही 'व्यक्ती' असते. विक्री प्रतिनिधीच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आली की ही व्याख्या अपुरी पडते. प्रणालीला ना कमिशन बुडण्याची भीती, ना नोकरी जाण्याची. मग तिने दिलेल्या चुकीच्या माहितीचे नुकसान कोणी सोसावे?

एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादप्रणालीने नातलगाच्या निधनानंतर मिळणाऱ्या भाडेसवलतीविषयी एका प्रवाशास चुकीचे सांगितले. प्रणाली स्वतःच्या कृतीस स्वतःच जबाबदार आहे, हा कंपनीचा (काहीसा अजब) युक्तिवाद ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये फेटाळून भरपाईचा आदेश दिला.

आपल्याकडे कलम २३८ प्रमाणे अभिकर्त्याने व्यवहाराच्या ओघात केलेले चुकीचे निवेदन मालकानेच केल्यासारखे परिणामकारक ठरते. यंत्र अभिकर्ता नसून केवळ साधन मानले, तर ते निवेदन थेट मालकाचेच समजावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.