जुन्या रोटरी इंजिनाची गळती: बाहेरून करायची डागडुजी

माझदा म्हटलं की आपल्याकडे पटकन आठवते ती स्वराज माझदाची मिनीबस. हिरोशिमाच्या त्याच माझदाची आरएक्स-७ मात्र जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या हौशी मंडळींच्या गॅरेजात अजून उभी असते, आणि बहुतेक वेळा तिच्या पोटाखाली एक पुठ्ठा अंथरलेला असतो. पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९७८ ते १९८५ या काळातल्या गाडीचं १२ए रोटरी इंजिन समोर ठेवून ही कृती लिहिली आहे. १३बी इंजिनालाही ती बहुतांशी चालते.

या इंजिनाला ना सिलिंडर हेड, ना हेडचं पॅकिंग. बिडाच्या तीन प्लेटा आणि त्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची दोन हाउसिंग, अशी पाच थरांची चळत लांबलचक बोल्टांनी आरपार आवळलेली असते. प्रत्येक सांध्यात रबरी वॉटर सीलची जोडी. आतलं सील पाण्याला ज्वलनकक्षात शिरू देत नाही, बाहेरचं पाण्याला रस्त्यावर येऊ देत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुपटीने प्रसरण पावतं. शिवाय रोटरीत जाळ कायम एकाच बाजूला, स्पार्क प्लगांकडे होतो आणि दुसरी बाजू त्या मानाने गार राहते. त्यामुळे गाडी तापली-निवली की सांधे केसभर सरकतात. इतक्या वर्षांनी कडक झालेलं रबर त्या सरकण्याला पुरं पडत नाही आणि सांध्यातून पाणी पाझरू लागतं.

बाहेरून डागडुजी होते ती फक्त बाहेरच्या सीलची. रोटरीची बदनामी ज्यांच्यामुळे झाली ती एपेक्स सील रोटरच्या टोकांवर, पार आत असतात. त्यांना बाहेरून काही करता येत नाही.

म्हणून आधी निदान. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील, त्याला गोडसर वास येत असेल, किंवा रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालवल्यावर तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत असतील, तर आतलं सील गेलं. इथेच थांबा, इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

पुठ्ठ्यावरचा डाग तेलाचा असेल तर प्रकरण वेगळं. डिपस्टिकवरची पातळी उतरते म्हणून गळती आहे असं मात्र समजू नका. रोटरी थोडं तेल मुद्दामच जाळते, त्यासाठी मीटरिंग पंप दिलेला असतो. मागच्या प्लेटीवर तेल दिसलं की लोक गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बदलायला निघतात. त्याआधी वर बघा. ऑइल फिल्टर ज्या बैठकीवर बसतो तिच्या खालच्या दोन ओ-रिंगा गेल्या तरी तेल तिथूनच ओघळतं. बैठक वरून सुटते, ओ-रिंगा स्वस्त असतात, एका संध्याकाळचं काम. तेलाच्या चेंबरच्या कडेतून गळत असेल तर तिथे दाब नसतो, त्यामुळे बाहेरून सिलिकोन लावलं तरी निभतं. पण चेंबर खोलून, वाकलेली कड सपाट करून पुन्हा बसवणं जास्त बरं. डॉवेल पिनेच्या ओ-रिंगेतून, म्हणजे हाउसिंगच्या सांध्यातून तेल येत असेल, तर त्याच्या मागे ऑइल पंपाचा पूर्ण दाब असतो. त्यावर बाहेरून काहीही थापलं तरी टिकत नाही. वरचेवर तेल घाला, खाली पुठ्ठा ठेवा, आणि ते एक्झॉस्टवर ठिबकत नाही ना, एवढं बघा. एक्झॉस्टवर ठिबकत असेल तर गाडी चालवू नका, आग लागते.

आता पाण्याचा पाझर. लागणारं साहित्य: रेडिएटरला लावायचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर, ब्रेक क्लीनर, पितळी तारेचा ब्रश, टाल्कम पावडर, लहान आरसा, टॉर्च, जुनी सुती फडकी, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर आणि जास्त तापमानाच्या सिलिकोन सीलंटची ट्यूब. एक्झॉस्टजवळच्या सांध्यासाठी तांबूस रंगाचं, कॉपर म्हणून मिळणारं सिलिकोन घ्या. रोटरीचा एक्झॉस्ट साध्या इंजिनापेक्षा बराच जास्त तापतो.

एम-सीलकडे हात जाईल, पण ती इथे नको. इपॉक्सी दगडासारखी घट्ट होते, आणि हा सांधा हलता आहे. चार वेळा तापून निवला की कडेने बारीक चीर पडते आणि पाणी पुन्हा सुरू. पंपाच्या ओतीव हाउसिंगला छिद्र असेल तर इपॉक्सी ठीक. सांध्याला लवचीकच माल लागतो. बोल्ट थोडे आवळून बघू, हा विचारही सोडा. त्यांची डोकी फ्लायव्हीलच्या बाजूला असतात, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय पाना पोचत नाही. आणि पोचला तरी कडक झालेलं रबर आवळल्याने मऊ होत नाही.

इंजिन पूर्ण गार असताना गाडी घोडीवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. इंजिनाची पाझरणारी बाजू धुऊन कोरडी करा आणि पावडर भुरभुरवा. टेस्टर लावून मूळ झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत, पंप मारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. पांढऱ्या पावडरीवर पहिली ओली रेघ जिथे उमटेल तिथे पाणी सुटतंय. खाली जमणारा थेंब फसवतो, कारण पाणी सांध्याच्या खाचेतून वीतभर घरंगळत जाऊन मग ठिबकतं. होज, हीटरची नळी आणि वॉटर पंपाचं पॅकिंगही याच वेळी आरशात बघून घ्या. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो आणि सीलवरचा आळ जातो.

जागा नक्की झाली की दाब सोडा, पाणी काढा. कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं.

यापुढचं सगळं यश साफसफाईवर आहे. ओल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना चांगली चार बोटं जास्त घासा, गंज, रंग, तेलाचा मेण झालेला थर सगळं निघू द्या. ब्रेक क्लीनर मारून पुसा. पुन्हा मारा, पुन्हा पुसा. फडकं पांढरंच्या पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवा. मग गॅरेजचं दार उघडं ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. ही वाफ पेट घेते, आणि पुढची पायरी विजेच्या यंत्राची आहे.

व्हॅक्यूम क्लीनरची नळी रेडिएटरच्या तोंडाला फडकं गुंडाळून बसवा आणि ओव्हरफ्लोची नळी चिमटा लावून बंद करा. मशीन सुरू असताना सांध्यावर सिलिकोनचा पातळ थर बोटाने दाबून भरा. आतल्या ओढीमुळे तो वर नुसता चिकटून न राहता फटीत शिरतो. मिनिटभराने मशीन बंद करा. फार वेळ ओढलं तर माल आत पाण्याच्या वाटेत जाईल. पहिल्या थरावर साय धरली की दुसरा थर थोडा रुंद द्या. एकूण जाडी तीन-चार मिलिमीटर पुरे. मग २४ तास गाडीला हात लावू नका. थंडी असेल तर ४८.

पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, गाडीचं नाक वर ठेवून हवा काढा. रेडिएटरला ०.५ किलोचं झाकण लावलं तर डागडुजीवरचा ताण कमी होतो, पण पाणी उकळण्याचं तापमानही आठ-दहा अंशांनी खाली येतं. तेव्हा घाट आणि उन्हाळ्यातली कोंडी टाळा, काट्यावर नजर ठेवा. रोटरी एकदा जरी उकळली तरी आतली सीलं चपटी होतात. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडर-द्रव्यं घेऊ नका. ती हीटरच्या बारीक नळ्या आधी बंद करतात.

नीट केलेलं काम काही महिने चालतं, कधी वर्षभरही. पुन्हा पाझरलं तर जुन्यावर नवा थर देऊ नका, सुकलेल्या सिलिकोनला सिलिकोन धरत नाही. सगळं खरवडून पहिल्यापासून करा. आणि पुढे इंजिन उघडायला द्याल तेव्हा कुठल्या सांध्यात सिलिकोन भरलंय ते मेकॅनिकला आधीच सांगा, म्हणजे तो पाण्याच्या वाटाही साफ करून घेईल.