खाडीपलीकडे ब्रॉडबँड: मालाडमधल्या बिनतारी जोडणीविषयी संवाद

बिनतारी ब्रॉडबँडमध्ये तार नसते ती फक्त शेवटच्या टप्प्यात. टॉवरपर्यंत माहिती अनेक ठिकाणी फायबरनेच येते; तिथून ग्राहकाच्या गच्चीवरच्या किंवा खिडकीबाहेरच्या अँटेनापर्यंत ती रेडिओलहरींवर जाते. ग्राहकाचं यंत्र एकाच जागी पक्कं बसवलेलं असल्याने या सेवेला ‘फिक्स्ड वायरलेस ॲक्सेस’ म्हणतात. पुढचा संवाद मालाड पश्चिमेला कार्यालय असलेले काका आणि नेटवर्क अभियंता असलेली त्यांची पुतणी यांच्यातला आहे.

काका: फायबर असताना हवेतून इंटरनेट पाठवायचं कशाला?

पुतणी: फायबर पोहोचतं तिथे त्याला तोड नाही. अडचण असते ती पोहोचण्याचीच. रस्त्यात चर खणायला पालिकेची परवानगी लागते आणि पावसाळ्यात खोदकाम थांबतं. मालाडच्या खाडीकाठी कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने त्याला कडक संरक्षण मिळालं आहे, तिथे मनात आलं म्हणून खणता येत नाही. खाडीपलीकडच्या मनोरीचं उदाहरण घ्या. मार्वेहून फेरीबोटीने ते अगदी समोर, पण रस्त्याने जायचं तर भाईंदरवरून वळसा. केबललाही एकतर तोच वळसा पडतो, नाहीतर खाडीखालून जावं लागतं. रेडिओ पाण्यावरून सरळ जातो.

काका: म्हणजे पाण्यावरून काम सोपं झालं.

पुतणी: खणणं वाचतं, काम सोपं होत नाही. अँटेनातून निघालेल्या लहरींचा एक भाग थेट समोर पोहोचतो आणि दुसरा पाण्यावर आपटून येतो. दोन्ही एका तालात आल्या तर बळ वाढतं, उलट तालात आल्या तर एकमेकींना खोडून टाकतात. 5.8 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे 5 सेंटीमीटर, त्यामुळे दोन वाटांत दोन-अडीच सेंटीमीटरचा फरक पडला तरी ताल उलटतो. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर 4 मीटरच्या वर जातं. सकाळी उत्तम चालणारी लिंक दुपारी ओहोटीला ढेपाळते ती यामुळे. उपाय दोन आहेत. वेगवेगळ्या उंचीवर दोन अँटेना लावायचे, म्हणजे एकाला सिग्नल मिळाला नाही तरी दुसऱ्याला मिळतो. किंवा अँटेना अशा जागी बसवायचा की पाण्यावरून उसळलेली लहर काठावरच्या इमारतीने अडावी.

काका: जमिनीवर तरी समोरची गच्ची दिसली की भागत असेल?

पुतणी: नुसतं दिसून भागत नाही. लहर दोरीसारखी बारीक जात नाही, मधोमध फुगते. एक किलोमीटरच्या लिंकला 5.8 गिगाहर्ट्झवर तो फुगवटा मध्यावर साधारण 3.6 मीटर त्रिज्येचा असतो आणि त्या त्रिज्येचा निदान 60 टक्के भाग मोकळा हवा. मालाडमध्ये जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत. आज मोकळी असलेली रेष उद्या विसाव्या मजल्याच्या स्लॅबने अडू शकते. लिंक आखताना मधल्या बांधकामांची चौकशी करावी लागते ती म्हणूनच.

काका: मोबाइलच्या फाइव्ह-जीला तर रेष लागत नाही.

पुतणी: ते वारंवारतेच्या पट्ट्यावर अवलंबून आहे. 2022 च्या स्पेक्ट्रम लिलावात विकल्या गेलेल्या पट्ट्यांपैकी फाइव्ह-जीसाठी तीन महत्त्वाचे. 700 मेगाहर्ट्झ भिंतींतून चांगला शिरतो, पण त्यात जागा कमी. 3300 मेगाहर्ट्झ मधला, शहरातलं बरंचसं काम त्याच्यावर. 26 गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण भिंत, झाड, पाऊस सगळंच त्याला अडवतं. तासाला 100 मिलिमीटर वेगाने कोसळणाऱ्या पावसात या लहरी किलोमीटरमागे 15 डेसिबलच्या आसपास गमावतात, म्हणजे शक्तीचा तिसावा हिस्सा उरतो. मुंबईत जुलैचा विचार न करता ती लिंक आखणं चूकच.

काका: आणि एअरफायबर म्हणतात ते?

पुतणी: ही फाइव्ह-जीवरच्या फिक्स्ड वायरलेसची घरगुती सेवा. एअरटेलने ती ऑगस्ट 2023 मध्ये आणि जिओने सप्टेंबर 2023 मध्ये आणली, दोघांच्याही सुरुवातीच्या शहरांत मुंबई होती. कंपन्यांना यातला फायदा असा की टॉवर मोबाइलसाठी उभेच आहेत. त्यांची उरलेली क्षमता घरांना विकता येते. पण टॉवरच्या एका सेक्टरची, म्हणजे एका दिशेच्या अँटेनाची, क्षमता ठरलेली असते. संध्याकाळी सगळी सोसायटी क्रिकेट बघायला बसली की ती वाटली जाते. शिवाय एकाच पट्ट्यात डाउनलोड आणि अपलोड आळीपाळीने चालतात आणि जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो. घरी हे चालतं. तुमच्या कार्यालयातून रोज मोठ्या फाइली बाहेर जातात, तिथे ते बोचेल.

काका: मग छोट्या व्यवसायाने काय घ्यावं?

पुतणी: दोन गच्च्यांमधली स्वतंत्र, फक्त तुमच्यासाठीची लिंक. त्यातल्या बऱ्याच 5 गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावर चालतात. 2018 मध्ये सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवान्यातून मोकळा केला. लहान सेवादात्यांना त्यामुळे फार मोठा आधार मिळाला. पण मोकळा म्हणजे सर्वांनाच मोकळा. शेजारच्या इमारतीतले वायफाय, दुसऱ्या सेवादात्याची लिंक, सगळ्यांचा गोंगाट तिथेच. जवळच वेरावलीच्या टेकडीवर हवामान खात्याचं सी-बँड रडार 2022 पासून आहे. असली रडारंही याच पट्ट्यातल्या वारंवारता वापरतात, म्हणून रडारची चाहूल लागताच वाहिनी बदलणारी उपकरणं निवडलेली बरी.

काका: फायबर आधीपासून आहे. रेडिओ राखीव म्हणून ठेवला तर?

पुतणी: तो सर्वांत शहाणा वापर. मालाडच्या माइंडस्पेससारख्या संकुलात चोवीस तास चालणाऱ्या कार्यालयांना दोन वाटा लागतातच. मात्र एक गोष्ट विचारून घ्या: ज्या टॉवरवरून रेडिओ येणार, त्याचं फायबर कुठून येतं? तेही तुमच्याच रस्त्याच्या चरातून येत असेल, तर एका जेसीबीच्या फटक्यात दोन्ही वाटा तुटतील. किमान वेग आणि दुरुस्तीची मुदत करारात लिहून घ्या. गच्चीवरच्या रेडिओला वीज खालून, इंटरनेटच्याच केबलमधून जाते. तेव्हा सोसायटीची लेखी परवानगी, आकाशातल्या विजेपासून बचावासाठी अर्थिंग आणि त्या यंत्राला यूपीएस, हे तिन्ही जोडणीच्या दिवशीच झालेलं हवं.