रंकाळ्यावर कॅमेरा घेऊन जातेस, तर एवढं ऐक

पोरी, नवा कॅमेरा घेतलास आणि पहिला बेत रंकाळ्याचा केलास, हे तुझ्या आईकडून कळलं. शालिनी पॅलेस आणि मावळता सूर्य, हा फोटो कोल्हापुरात घरटी एक तरी निघेल. त्यात आणखी एकाची भर घालू नकोस, असं मी म्हणणार नाही. घाल बापडी. पण तू म्हणतेस की तुला तळ्याचं देखणेपणही दाखवायचंय आणि नासलेपणही. मग आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. हे दोन वेगळे फोटो नाहीत. नाल्यातून येणारं सांडपाणी नायट्रोजन आणि फॉस्फरस घेऊन येतं, त्यावर केंदाळ पोसतं, आणि त्याच केंदाळाला ते फिकं जांभळं फूल येतं. देखणं आणि दुखणं एकाच पाण्यावर वाढलंय. बाकीचं हे मामाचं नेहमीचं पुराण, क्रमानं वाचलं नाहीस तरी चालेल.

१. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे आणि तळ्याला पुरी फेरी मार — पाणी कुठून येतं ते पायांना कळल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही. नाल्याचं तोंड सापडलं की निम्मं काम झालं.

२. चौपाटीवर सकाळी सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी समोर. म्हणून रंग आणि बारकावे हवेत तर सकाळी जा, नुसत्या आकृत्या हव्यात तर संध्याकाळी — समोरून ऊन आलं की सगळी घाण चकाकते आणि सोनं वाटायला लागते.

३. उन्हाळ्यात एकदा तरी उजाडायच्या आत पोच. शेवाळ दिवसा प्राणवायू बनवतं, रात्री मात्र नुसता खातं — म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटेला सगळ्यात कमी असतो, आणि मासे वर येऊन तोंड वासताना दिसले तर तेव्हाच दिसतात. नऊ वाजता आलेल्याला तळं शहाण्यासारखं वागताना दिसतं.

४. नाक जाणतं, ते डोळा मागाहून पाहतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर तळच्या गाळात प्राणवायूशिवाय कुजणं चाललंय असं समज, आणि डोकं जड व्हायला लागलं तर तिथून सरळ उठ — तो वायू अंगाला बरा नाही, आणि फोटो उद्याही मिळेल.

आता कॅमेऱ्याचं. इथं जरा थांबणार आहे मी, कारण तुमच्या पिढीला वाटतं सगळं नंतर फोनवर दुरुस्त होतं.

५. पैसे साठव आणि आधी पोलरायझर घे, मोठी लेन्स नंतर. त्याची कडी फिरवली की पाण्यावरची चमक जाते आणि खालचं दिसायला लागतं — म्हणजे एकाच जागेवरून, एकाच मिनिटात, एका फोटोत आकाश आणि पॅलेसचं प्रतिबिंब मिळतं आणि दुसऱ्यात बुडालेल्या पिशव्या. दोन्ही काढ आणि दोन्ही जोडीनं दाखव. तुला जे सांगायचंय ते त्या कडीच्या पाव फेऱ्यात आहे.

६. त्या पोलरायझरचा पुरा गुण पाण्याकडे साधारण ३७ अंशांनी खाली बघताना येतो. अगदी सरळ खाली किंवा अगदी आडवं बघितलंस तर कडी कितीही फिरव, फरक पडत नाही — आणि मग तू दुकानदाराला शिव्या देत बसशील.

७. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवू नकोस, उन्हाच्या खुणेवर ठेव. चौकटभर हिरवं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलंय आणि तो त्यात जांभळट ओततो — हिरव्यागार शेवाळाचा तिथंच बेरंग होतो.

८. पांढरा फेस असेल तर उजेड एक घर वाढव, पॅलेसचा काळा दगड असेल तर थोडा उतरव — कॅमेरा सगळ्या जगाला राखाडी करू पाहतो. काळं काळं आणि पांढरं पांढरं ठेवणं तुझ्या हातात.

९. घरी आल्यावर हिरवा रंग भडक करायचा मोह होईल. करू नकोस — एकदा वाढवलेला रंग पकडला गेला की तुझा खरा फोटोही कुणी खरा मानत नाही.

१०. केंदाळाचं फूल टिपायचं तर खाली बस, काठाच्या पातळीला ये. वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो, तो वरून नीट दिसत नाही — आणि फूल एखाद-दोन दिवसांतच मिटतं, तेव्हा ‘रविवारी येऊ’ म्हणू नकोस. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेसाठी म्हणून माणसांनीच जगभर नेली. शोभेची हौस कुठवर पोचते बघ.

११. फुलाशेजारी पिशवी तरंगत असेल तर टिप, नसेल तर आणून ठेवू नकोस. आणि असलेली फोटोआधी काढूही नकोस — मांडलेलं दृश्य एकदा कळलं की सगळी मालिका गेली. फोटो झाल्यावर पिशवी खुशाल उचल, कुणी अडवणार नाही.

१२. केंदाळ काढून नेल्यावर तळं मोकळं दिसतं, तेव्हाही जा — त्याच जागेचा नितळ फोटो नसेल तर भरलेल्याचा अर्थ लागत नाही. शिवाय सुधारलेलं दाखवायचं नाही असा नियम कुठं आहे?

पायांचं आणि हातांचंही ऐक. तुझी आई हेच आधी विचारणार आहे.

१३. केंदाळावर पाय टाकायचा नाही, कितीही घट्ट दिसू दे. हिरवं दिसलं म्हणून कुरण नसतं — खाली पाणी, त्याखाली गाळ, आणि गळ्यात कॅमेरा.

१४. पायाला कापलं, खरचटलं असेल तर पावसाळ्यात काठच्या चिखलात उतरू नकोस — लेप्टोचे जंतू अशाच जखमेतून आत शिरतात. गमबूट घाल, लोक हसले तर हसू देत.

१५. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर बोट बुडवून बघू नकोस, आणि कुत्रं बरोबर असेल तर त्यालाही प्यायला देऊ नकोस — काही निळी-हिरवी शेवाळं विष सोडतात, आणि विषारी कोणती हे नुसतं बघून कळत नाही. भेळ खायची ती साबणानं हात धुऊन.

१६. ट्रायपॉडचे पाय तिथून निघण्याआधी पुसून काढ — केंदाळाचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि पुढच्या रविवारी तू दुसऱ्या तळ्यावर जाणारेस.

पाखरांचं थोडक्यात.

१७. शेकाट्या दिसला म्हणून पाणी चांगलं असं लिहू नकोस — लाल काटकुळ्या पायांचा हा पक्षी घाणेरड्या पाण्यातही आनंदानं चरतो. पाखरू कोणतं, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष काढायची नाही.

१८. वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी यांची घरटी पाणवनस्पतींतच असतात. पाखरू ओरडत तुझ्याभोवती फिरायला लागलं तर दोन पावलं नव्हे, वीस पावलं मागं ये — आई उठली की अंड्यांवर कावळ्याची नजर असतेच.

माणसांचं मात्र थोडक्यात नाही.

१९. काठावर कपडे धुणाऱ्या बाईचा फोटो विचारून घे, आणि घेतलास तर प्रदूषणाचं कारण म्हणून तिलाच चौकटीत उभं करू नकोस. साबण पाण्यात जातो हे खरं, पण वाड्या-वसाहतींचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या नाल्याशी तिच्या बादलीची तुलना नाही — नाल्याला चेहरा नसतो, म्हणून सगळे बाईचाच फोटो काढतात.

२०. केंदाळ उपसणाऱ्या कामगारांशी आधी बोल, मग कॅमेरा काढ. कोणत्या कोपऱ्यात ते आधी वाढतं, कोणत्या महिन्यात दमवतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं — आणि हातमोजे आहेत की नाहीत हे तुझ्या फोटोत आपसूक दिसेल, ओरडून सांगावं लागणार नाही.

२१. शेजारच्या इराणी खणीत गणपती विसर्जन होतं. नंतरच्या दिवसांत भंगलेल्या मूर्ती दिसल्या तर चेहऱ्यावर झूम करू नकोस, आणि तो फोटो तारखेशिवाय कुणाला पाठवू तर मुळीच नकोस — असा फोटो दुसऱ्या गावाचं नाव लावून फिरतो आणि भांडणं लावून येतो.

२२. भेळवाल्यांच्या गाड्या चौकटीत आल्या तर त्यांची पाटी वाचता येणार नाही असं बघ — तळ्याची बदनामी व्हायची ती व्हावी, पण एकाच गाडीची का? संध्याकाळी त्या गर्दीचे आणि दिव्यांचे फोटोही घे. इतकं होऊनही लोक इथंच येऊन बसतात, ही बातमीच आहे.

आणि फोटोखाली काय लिहायचं ते.

२३. रंग पाहून निकाल देऊ नकोस. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा लोकांनी काय काय तर्क लढवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं की ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं होतं — तेव्हा ‘पाणी हिरवं दिसलं’ एवढं लिही, ‘पाणी विषारी आहे’ हे तपासणाऱ्याला लिहू दे.

२४. सुंदर शब्द जपून वापर. बेंगळुरूच्या बेलंदूर तळ्यावरचा फेस वाऱ्यानं रस्त्यावर आला तेव्हा त्याला बर्फ म्हणून मिरवणारेही निघाले. तो सांडपाण्याचा आणि साबणांचा फेस होता, आणि २०१५ मध्ये त्या फेसानं पेटसुद्धा घेतला — फोटो देखणा असू दे, त्याखालची ओळ कोरडी असू दे.

२५. नाल्याचे तीन फोटो घे: एक लांबून, ज्यात ओळखीची इमारत दिसेल, एक मधून, एक तोंडाशी — नुसतं काळं पाणी कुठलंही असू शकतं, आणि ज्याला टाळायचंय तो नेमकं हेच म्हणतो.

२६. एक जागा ठरव, संध्यामठाकडे बघणारी म्हण किंवा तुला आवडेल ती, आणि दर महिन्याला तिथूनच, त्याच लेन्सनं फोटो घे. पावसाळ्यात मठ बुडतो, उन्हाळ्यात उघडा पडतो — पाणी किती चढलं-उतरलं ते त्याच्या दगडी खांबांवरून न मोजता कळतं.

२७. मूळ फाइल कधी पुसू नकोस, सुधारलेली प्रत वेगळी ठेव. महापालिकेला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायचं झालं तर मूळच पाठव, सोबत तारीख, वेळ, जागा आणि दोन साध्या ओळी — रागाचं पत्र फाइलीत राहतं, साध्या पत्रावर निदान शेरा तरी पडतो. पोच घ्यायला विसरू नकोस, आणि एक प्रत माझ्याकडे टाक. माझ्या फोनवर मोठी फाइल उघडत नाही, तेव्हा लहान करून पाठव.