इकारापूर्वीचा स

गणेशगुडीजवळ काळी नदीवर सुपा धरण आहे आणि तिथल्या बाजारात मराठी, कोंकणी व कन्नड एकत्र कानी पडतात. त्या परिसरातील गवळी धनगरांची ‘म्हैस’ अनेकवचनात ‘म्हशी’ का होते, असे भाषेच्या एका विद्यार्थिनीने निवृत्त गुरुजींना विचारले.

गुरुजींचे म्हणणे असे की, इ, ई किंवा य उच्चारताना जिभेचा मधला भाग कठीण टाळूकडे उचलावा लागतो, आणि ही हालचाल आधीच्या व्यंजनापासूनच सुरू झाली की ते व्यंजन टाळूकडे झुकते. यालाच तालव्यीकरण म्हणतात. ‘पैसा’चे ‘पैशाला’ होते तेही पूर्वीच्या ‘पैस्या’तील य स्वतः विरून स चा श करून गेल्यामुळे.

“पण ‘शिंग’ तर शृंगापासून आले,” विद्यार्थिनी अडली. “तिथे श मुळातच होता, त्यात इकाराचा पराक्रम कोणता?”

“घाई करू नकोस. महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स या तिघांचा एकच स झाला होता आणि शृंगाचे ‘सिंग’ झाले होते. मराठीत श परतला तो इकारामुळे.”

“संस्कृतच्या प्रभावाने परतला नाही, हे कशावरून?”

“श्वशुरात दोन श होते, पण पुढे इकार नसल्यामुळे ‘सासरा’त एकही परतला नाही. उलट सीमेत श कधीच नव्हता, तरी तिची ‘शीव’ झाली. सिव् धातूचे मराठीत ‘शिवणे’ झाले, हिंदीत मात्र ‘सीना’च राहिले.”

“मग ‘सिंह’ आणि ‘सीता’?”

“ते संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द,” असे सांगून गुरुजी आपल्या आवडत्या तक्रारीकडे वळले. खेड्यातला माणूस ‘शिनेमा’ म्हणाला की शाळा त्याला अशुद्ध ठरवते, ‘शीव’ मात्र शुद्ध मानते, जणू दोन्हींमागची प्रवृत्ती वेगळी आहे. झ्यूल ब्लॉक यांनी 1920 मध्ये मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला, आणि इथे च चे दोन उच्चारसुद्धा मुलांना कोणी समजावत नाही. ‘चाक’मधला च दातांजवळचा, ‘चिमणी’तला तालव्य, ‘चंद्र’, ‘चहा’ असे शब्द आल्यावर अकारापूर्वीही तालव्य च रूढ झाला. प्रमाण कन्नडात च तालव्यच असल्यामुळे कन्नड शाळेतले मूल ‘चाक’ वाचताना अडखळले, तर दोष मुलाचा नव्हे.

च चा मुद्दा विद्यार्थिनीने लगेच मान्य केला, पण स तिला सोडवेना. “मग ‘बस’चे ‘बशी’ का होत नाही?”

“कारण लोक ‘बसगाड्या’ म्हणतात, नाहीतर ‘बसेस’. तिथे स ला ई लागतच नाही, मग त्याने झुकावे तरी कशासाठी?”