थंडी, शेकोटी आणि सिकलसेल



विदर्भातल्या आपल्या गावात डिसेंबर लागला की दिवस कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. पहाटे दहिवर पडलेलं असतं आणि बाया ओल्या पऱ्हाटीत कापूस वेचायला उतरतात. वीज रात्रीची येते, म्हणून माणसं गव्हाला पाणी द्यायला गार चिखलात उभी राहतात. वस्तीत विहारासमोर शेकोटी पेटते, गप्पा रंगतात. पण एखाद्या घरात एक लेकरू रात्रभर विव्हळत असतं, "आई, हाडं दुखतात."

मी उपकेंद्रावर नवीन होते तेव्हाची गोष्ट. दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आजी आली. हातापायांचे पंजे सुजलेले. "थंडी भरली," आजी म्हणाली. मलाही तसंच वाटलं. औषध देऊन घरी पाठवलं. आठवड्याने बाळ परत आलं, तेव्हा पोटावर डागल्याचे व्रण होते. रक्त तपासलं तर सिकलसेल निघाला. डागणाऱ्यावर मी खूप रागावले. पण पहिली चूक माझी होती. मी रक्त तपासायला सांगितलंच नव्हतं.

हा आजार काय आहे?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, साधारण १२० दिवस जगतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, १०-२० दिवसांत मरतात. म्हणून रक्त कमी पडतं. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य दुखतं. आदिवासी समाजाप्रमाणेच विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही हा आजार बराच आढळतो. तो आईबापाकडून जन्मतः येतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. करणी किंवा बाहेरचं तर मुळीच नाही.

थंडीत का वाढतो?

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. तहान लागत नाही म्हणून आपण पाणी कमी पितो आणि रक्त घट्ट होतं. त्यात सर्दी-खोकला, ताप आला की पेशी आणखी अडकतात.

घरात काय करायचं?

- आंघोळ कोमट पाण्याने, ऊन चढल्यावर. लगेच अंग पुसून कानटोपी, स्वेटर, पायमोजे घालायचे.
- तहान नसली तरी दर तासा-दोन तासाने पाणी पाजायचं. कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज चालेल. शाळेत गुरुजींना सांगून ठेवा, या मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला अडवू नका.
- पहाटे ओल्या वावरात नेऊ नका. मोठ्या रुग्णाने रात्रीचं ओलीत करू नये. ती पाळी भावाने किंवा शेजाऱ्याने घ्यावी.
- दुखलं तर कोमट शेक द्या. बर्फ लावू नका, डागू नका.
- डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका. रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.
- शेकोटी अंगणातच. दार लावून घरात शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

केव्हा थांबायचं नाही?

१०१ अंश किंवा जास्त ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, पोटाची डावी बाजू फुगणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, किंवा मुलाच्या लिंगाला ताठरता येऊन दुखणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

लग्न जमवताना

कापूस घरी आला की सोयरिकीच्या गोष्टी सुरू होतात. आपण पत्रिका पाहत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. मग रक्ताचा अहवाल पाहायला लाज कशाची? ज्याच्याकडे आजाराचा एकच अंश आहे तो वाहक. तो आजारी नसतो, सगळी कामं करतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. यात एकट्या सुनेचा दोष कधीच नसतो. अंश दोघांकडून येतो. असं लग्न आधीच झालं असेल तर घाबरू नका. दिवस राहताच पहिल्या महिन्यांत डॉक्टरांना सांगा, गर्भाची तपासणी करता येते.

तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. देशपातळीवरची सिकलसेल मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आहे. २०१६ च्या कायद्यानुसार हा आजार दिव्यांगत्वात धरला जातो, त्यामुळे रुग्णाने प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एवढंच विचारा : आपल्या वस्तीत कोणाकोणाची तपासणी राहिली? वहीत नावं लिहा, आशाताईंना बोलवा. शेकोटीभोवती आपण सगळे जमतोच. थंडीत दुखणाऱ्या त्या लेकराचं नावही तिथे निघू द्या.