न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

हिंगोली जिल्ह्यात पुरजळ नावाचे एक खेडे आहे. १८६७ साली या खेड्यात केशवरावांचा जन्म झाला. त्या वेळी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. हिंगोली हा निराळा जिल्हा झाला तो फार पुढे, १९९९ साली.

संस्थानातील बहुसंख्य रयतेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. परंतु न्यायालयांचे कामकाज उर्दूत चाले. खेड्यातील कुणब्याच्या हाती निवाड्याचा कागद आला, तर तो त्याला दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. आपण जिंकलो की हरलो, हेही दुसऱ्याने सांगावे तेव्हा कळावयाचे! अशा ठिकाणी वकील नुसता कायदा सांगणारा राहत नसे. रयत व सरकार यांच्यामधला दुभाषाही तोच असे. केशवरावांनी हाच व्यवसाय पत्करला. प्रथम त्यांनी गुलबर्ग्यास वकिली केली; पुढे हैदराबादेस येऊन तेथे मोठा लौकिक मिळविला.

मुलांनो, आपल्या भाषेतील शाळा गावात असणे यात तुम्हांस काही विशेष वाटणार नाही. त्या काळच्या संस्थानातील मराठी मुलांना मात्र ती सहजी मिळत नव्हती. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या शाळांच्या उभारणीत केशवरावांचा मोठा वाटा होता. वामनराव नाईक हे त्यांचे या कामातील स्नेही. १९०८ च्या सप्टेंबरात मुशी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो माणसे बळी घेतली, तेव्हाही हे दोघे पूरग्रस्तांच्या मदतीस धावले.

पुढे केशवराव हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. जागा मानाची खरी, पण अवघडही. ते आर्य समाजाचे पुढारी म्हणून सर्वांस ठाऊक होते, आणि त्यांच्यापुढे पक्षकार येत ते सर्व धर्मांचे. वकिलाने एक बाजू हिरिरीने मांडावयाची असते; न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकून आपले मन दूर ठेवावयाचे असते. जन्मभर एक सवय लावून घेतलेल्या माणसाला दुसरी अंगी बाणविणे सोपे नसते.

१९३२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव यांनी १९३९ च्या सत्याग्रहात भाग घेतला. पुढे ते हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री झाले. हैदराबादेत नारायणगुडा भागात १९४० साली केशवरावांच्या नावाने एक शिक्षणसंस्था निघाली.