‘मूव्ह’ या शब्दाची मराठी व स्पॅनिश रूपे

इंग्रजी चौथ्या-पाचव्या इयत्तेच्या मुलास ‘मूव्ह’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो ‘हलणे’ असे तत्काळ उत्तर देईल. उत्तर चुकीचे नाही. परंतु तेवढ्या भांडवलावर इंग्रजी कागदाचे मराठी करावयास बसणाऱ्याची फसगत ठरलेली आहे. ग्रामसभेत ठराव ‘हलत’ नाही, तो मांडला जातो आणि इतिवृत्तात सूचक व अनुमोदक यांची नावे येतात. बिऱ्हाड हलते, पण कर्मचाऱ्याची बदली होते. अंतःकरण हेलावते. सांगलीसारख्या बुद्धिबळाच्या जुन्या गावी पटावरील ‘मूव्ह’ला कोणी हालचाल म्हटले, तर ऐकणारे हसतील, तेथे चाल किंवा खेळी हेच शब्द.

ही अडचण केवळ मराठीची आहे, असे मात्र नव्हे. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून उचलला. स्पॅनिश भाषेस तो लॅटिनकडून थेट वारसाहक्काने मिळाला आणि ‘मोबेर’ या रूपाने आजही नांदतो आहे. तरीदेखील स्पॅनिश मनुष्य प्रत्येक ठिकाणी ‘मोबेर’ वापरीत नाही. घर बदलणे म्हणजे ‘मुदार्से’, दुसऱ्यास अथवा सामानास एका जागेहून दुसरीकडे नेणे म्हणजे ‘त्रास्लादार’, मन हेलावणे म्हणजे ‘कोन्मोबेर’. सभेतील प्रस्तावास ‘मोसिओन’ म्हणतात. बुद्धिबळातील चालीस ‘हुगादा’ म्हणतात आणि हा शब्द खेळणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, जसा आपला खेळी! दोन्ही भाषांत त्याचा अर्थ पुढे डावपेचाकडे झुकला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मालमत्तेच्या शब्दांत तर हे साम्य अधिकच उघड होते. दस्तऐवजात आपण स्थावर व जंगम असे लिहितो. जंगम म्हणजे जाणारे, फिरणारे. वीरशैव परंपरेतील जंगम हेही मूळचे फिरते उपदेशकच. स्पॅनिशमध्ये जंगम वस्तूस ‘मुएब्ले’ आणि स्थावरास ‘इन्मुएब्ले’ म्हणतात. आज खुर्ची-टेबलासही तेथे ‘मुएब्ले’ हेच नाव आहे.

शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावा असा एक भेद येथे आहे. इंग्रजी ‘मूव्ह’ हे स्वतः हलण्यास व दुसऱ्याला हलविण्यास एकच रूप वापरते. मराठीत हलणे-हलविणे, सरकणे-सरकविणे, उठणे-उठविणे अशी जोडी असते. स्पॅनिशमध्ये ‘मोबेर’ म्हणजे हलविणे आणि त्यास ‘से’ जोडून होणारे ‘मोबेर्से’ म्हणजे स्वतः हलणे. कर्ता कोण, हे या दोन्ही भाषा क्रियापदातच सांगून टाकतात.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत या भेदाला व्याकरणापलीकडचे वजन आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली पाटण व जावळी भागांतील गावे गेली. तेथील माणसे कोणी सांगली-सोलापूरकडे, कोणी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याकडे वसली. इंग्रजी अहवालात अशा कुटुंबांविषयी ‘मूव्ह’ झाली एवढे लिहिले तरी वाक्य पुरे होते. ती माणसे स्वतः मात्र ‘आमचे गाव धरणात गेले’ असे म्हणतात. गाव उठले आणि गाव उठविले यांतील अंतर त्यांना शिकवावे लागत नाही. स्पॅनिशमध्ये खुशीने घर बदलणाऱ्यास ‘मुदार्से’ लागू पडते. हुसकले गेलेल्यास ‘देस्प्लासादो’, म्हणजे विस्थापित, म्हणतात. कोलंबिया देशात सशस्त्र संघर्षामुळे गाव सोडावे लागलेल्या लोकांसाठी तो शब्द रूढ झाला आहे. आपल्या राज्यातही १९७६ च्या पुनर्वसन अधिनियमाच्या इंग्रजी नावात ‘डिस्प्लेस्ड’ हा शब्द होता; १९८६ च्या अधिनियमात त्याची जागा ‘अफेक्टेड’ने घेतली. विस्थापित आणि बाधित हे समानार्थी शब्द नव्हेत. ज्याचे घर राहिले पण जमीन गेली, तो बाधित असतो, विस्थापित असेलच असे नाही. अर्ज लिहून देणाऱ्याने हे शब्द अदलाबदल करून वापरू नयेत.

जमीन स्वतःच हलते, तेव्हाही शब्द मोजून घ्यावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला. स्पॅनिशमध्ये भूकंपास ‘तेर्रेमोतो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः भूमीची हालचाल. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. जमीन खचली, डोंगर सरकला, दरड कोसळली ही तीन वेगवेगळी वृत्ते आहेत. स्पॅनिशमध्येही खचण्यास ‘उन्दिमिएन्तो’, घसरण्यास ‘देस्लिसामिएन्तो’ आणि कडा सुटून पडण्यास ‘देस्प्रेन्दिमिएन्तो’ असे निराळे शब्द आहेत. ग्रामपंचायतीने तालुक्यास कळविताना केवळ ‘जमिनीची हालचाल’ असे लिहिल्यास वाचणाऱ्यास काहीच बोध होत नाही. भिंतीस भेग गेली की उतारावर झाडे कलली, हे लिहिले पाहिजे.

शेवटी पुराच्या सूचनेविषयी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट धरली जाते; २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ हे वाक्य फलकावर व ध्वनिक्षेपकावर हटकून येते. वाक्य शुद्ध आहे, परंतु त्यातून वाहन कोणी आणावयाचे, गुरे न्यावयाची की दावी सोडून द्यावयाची, जावयाचे कोठे, यांपैकी काहीही समजत नाही. ‘स्थलांतर करावे’ म्हणजे तुम्ही हला. ‘स्थलांतरित करण्यात येईल’ म्हणजे आम्ही हलवू. या दोहोंत गफलत झाली, तर म्हातारे माणूस ओसरीवर वाहनाची वाट पाहत बसते. त्यापेक्षा ‘आज दिवस मावळण्यापूर्वी घरे सोडा, गुरे बरोबर घ्या, शाळेच्या इमारतीत या, ज्यांना चालवत नाही त्यांना न्यावयास ट्रॅक्टर येईल’ असे सरळ लिहावे आणि ट्रॅक्टर कोणाचा येणार, तेही फलकावर नमूद करावे.